तीन मिनिटांचा नाच : कायली मिनोगच्या गाण्यांची छत्तीस वर्षे

१९८७ च्या ऑक्टोबर महिन्यात दक्षिण लंडनच्या बरो भागातल्या एका स्टुडिओत, बाहेरच्या खोलीत, १९ वर्षांची एक ऑस्ट्रेलियन मुलगी ताटकळत बसली होती. मेलबर्नहून ती खास गाणे ध्वनिमुद्रित करायला आली होती. लंडनमधले तिचे दिवस संपत आले होते आणि परतीचे विमान गाठायचे होते. ज्या संगीतकारांनी तिला बोलावले होते ते मात्र तिचे येणे साफ विसरून गेले होते. तिच्यासाठी एकही गाणे तयार नव्हते. ती दारात येऊन थांबली आहे हे कळल्यावर धावपळ सुरू झाली. पीट वॉटरमनच्या तोंडून सहज निघालेल्या एका शेऱ्यातून गाण्याचे नाव मिळाले. माइक स्टॉक आणि मॅट एटकिन या त्याच्या दोन भागीदारांनी सुमारे ४० मिनिटांत शब्द आणि चाल उभी केली. मुलीने एकेक ओळ कानांत ऐकत गायली आणि ती विमानतळाकडे निघाली.

त्या गाण्याचे नाव 'आय शुड बी सो लकी' आणि मुलीचे नाव कायली मिनोग. डिसेंबरमध्ये गाणे बाजारात आले. १९८८ च्या फेब्रुवारीत ते ब्रिटनच्या विक्री-तक्त्यात पहिल्या क्रमांकावर गेले आणि तिथे सलग ५ आठवडे राहिले. तिथून पुढे ३६ वर्षांच्या काळात या बाईने नाचासाठी केलेल्या गाण्यांची जी माळ गुंफली, तिला आधुनिक लोकप्रिय संगीतात फार थोड्या जोड्या सापडतात. आपल्याकडे जाणकार रसिकही नाचाचे गाणे म्हटले की कान जरा दूरच ठेवतात. तीन-साडेतीन मिनिटांचे, शब्दांना फार खोली नसलेले, यंत्रावर वाजवलेले ते गाणे कारागिरीचा किती उत्तम नमुना असू शकते, हे या एका गायिकेच्या कारकिर्दीवरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कुणावरून क्वचितच दिसेल.

कायलीचा जन्म २८ मे १९६८ रोजी मेलबर्नमध्ये झाला. आई मूळची वेल्सची, बॅले शिकलेली. वडील हिशेबनीस. गाण्याच्या आधी तिला ओळख मिळाली ती अभिनयाने. १९८६ मध्ये 'नेबर्स' या ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणी मालिकेत ती शार्लीन नावाच्या मुलीच्या भूमिकेत आली. शार्लीन गाड्या दुरुस्त करणारी मेकॅनिक होती आणि त्या काळच्या मालिकांत मुलीला असे काम दिलेले क्वचितच दिसे. शार्लीन आणि स्कॉट यांच्या लग्नाचा भाग ब्रिटनमध्ये १९८८ च्या नोव्हेंबरात दाखवला गेला तेव्हा जवळजवळ २ कोटी लोकांनी तो पाहिला. आपल्याकडे रविवारी सकाळी 'रामायण'साठी रस्ते ओस पडत होते तोच हा काळ. त्यामुळे एखादी मालिका साऱ्या देशाला एकाच वेळी कशी धरून ठेवते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

गाण्याकडे ती वळली ती जवळजवळ अपघाताने. मेलबर्नच्या एका फुटबॉल क्लबच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात मालिकेतल्या कलाकारांनी गाणी म्हटली. तिथे तिने 'द लोको-मोशन' हे जुने गाणे गायले. जेरी गॉफिन आणि कॅरोल किंग या जोडीने ते लिहिले होते आणि १९६२ मध्ये लिटल इव्हाने गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले होते. मशरूम रेकॉर्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीने कायलीच्या आवाजात ते ध्वनिमुद्रित करून १९८७ मध्ये काढले. ऑस्ट्रेलियात ते ७ आठवडे अव्वल राहिले आणि त्या दशकात त्या देशात सर्वांत जास्त खपलेले सिंगल ठरले. कंपनीने तिला लंडनला पाठवले ते या यशामुळे.

लंडनमधल्या ज्या स्टुडिओत ती ताटकळली तो स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या त्रयीचा होता. लोक त्याला 'हिट फॅक्टरी' म्हणत आणि तो शब्द कौतुकाने कमी, हिणवण्यासाठी अधिक वापरला जाई. डेड ऑर अलाइव्हचे 'यू स्पिन मी राउंड', बनानारामाचे 'व्हीनस', रिक अ‍ॅस्टलीचे 'नेव्हर गोना गिव्ह यू अप' ही सगळी तिथून बाहेर पडलेली गाणी. ढोलकिया नाही, बास वाजवणारा नाही. लिन कंपनीचे ड्रम यंत्र, यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर आणि इतर अशीच उपकरणे. स्टॉक आणि एटकिन चाल बांधत, यंत्रांवर साज चढवत आणि गायक शेवटी येऊन गाऊन जाई.

नाचाच्या या गाण्याचा ताल वरवर फार सोपा असतो. चार मात्रांचे आवर्तन आणि प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा सारख्या वजनाचा ठोका. आपल्या ठेक्यात टाळी असते तशी खाली असते, बायाँ बोलता बोलता गप्प होतो, आणि त्या रिकाम्या जागेमुळे सम गोड लागते. इथे खाली नाहीच. मग आवर्तनाला चव कशी येते? दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळीसारखा आवाज येतो, दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये झांजेची किणकिण बसवलेली असते, आणि बासचे स्वर त्या फटींतून उड्या मारत जातात. पाय ठोक्यावर पडतो, पण कंबर फटीवर हलते. मिनिटाला ११५ ते १३० ठोके हा या गाण्यांचा नेहमीचा वेग. त्याहून संथ झाले तर नाचणारे मरगळतात, फार जलद झाले तर दमतात.

या ठोक्याचा वंश सांगायलाच हवा, कारण कायलीच्या पुढच्या प्रवासात तो पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातले डिस्को संगीत. १९७७ मध्ये जॉर्जो मोरोडरने डोना समरच्या आवाजात केलेले, जवळजवळ सगळे वाद्यकाम सिंथेसायझरवर असलेले 'आय फील लव्ह'. त्यानंतर शिकागोच्या क्लबांत फ्रँकी नकल्ससारख्या डीजेंनी घडवलेले हाउस संगीत. या साऱ्याचे पहिले घर म्हणजे कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी तरुणांचे नाचघर. बाहेर ज्यांना उघडपणे हात धरून चालता येत नव्हते ते तिथे रात्रभर नाचत. बारा इंची सिंगल हा प्रकारही याच जगात जन्माला आला. रेडिओसाठी तीन मिनिटांचे गाणे सात इंची तबकडीवर असे. नाचणाऱ्यांना तेवढे पुरेना म्हणून टॉम मोल्टनसारख्या लोकांनी तेच गाणे ताणून, मधले तालाचे तुकडे वाढवून मोठ्या तबकडीवर उतरवले. कायलीच्या प्रत्येक गाजलेल्या गाण्याच्या मागे अशा लांबवलेल्या आवृत्त्यांची एक रांग असते आणि नाचघरांनी तिला ओळखले ते बहुतेक त्या आवृत्त्यांतून.

आता 'आय शुड बी सो लकी' पुन्हा ऐकले तर ४० मिनिटांच्या त्या घाईत काय काय सुचले होते याचे नवल वाटते. कडव्याकडून ध्रुवपदाकडे येताना गाण्याची पट्टीच बदलते, त्यामुळे ध्रुवपद प्रत्येक वेळी खिडकी उघडल्यासारखे अंगावर येते. वाद्यमेळ हसरा, उड्या मारणारा; आणि शब्दांतली मुलगी मात्र जो माणूस तिला फक्त स्वप्नात भेटतो त्याच्यासाठी झुरते आहे. चाल हसते आणि आशय उसासे टाकतो. नाचाच्या उत्तम गाण्यांचा हा फार जुना गुण आहे. त्याशिवाय ती दोनदा ऐकवत नाहीत.

यानंतर तीन वर्षे यशाला खंड नव्हता. 'हँड ऑन युअर हार्ट' १९८९ मध्ये पहिले आले. मालिकेतला तिचा जोडीदार जेसन डोनव्हनबरोबरचे 'एस्पेशली फॉर यू' हे युगुलगीत आणि 'टिअर्स ऑन माय पिलो' हेही पहिल्या क्रमांकाला पोचले, पण ही दोन्ही संथ गाणी आहेत आणि माझ्या मते तिच्या खऱ्या कामात ती दुय्यम आहेत. ब्रिटनमध्ये तिची पहिली १३ सिंगल्स सलग पहिल्या दहांत गेली. तोवर असे कुणाचेच झाले नव्हते.

टीकाही तितकीच सलग होती. ऑस्ट्रेलियातली वृत्तपत्रे तिला 'गाणारी बडगी' म्हणत. बडगी म्हणजे पिंजऱ्यात ठेवतात तो त्यांच्या देशातला छोटा पोपट. आक्षेप दोन होते. आवाज बारीक आहे हा एक, आणि ती स्वतः गाणी लिहीत नाही, दुसऱ्यांनी दिलेले गाते, हा दुसरा. इथे मराठी श्रोत्याने थोडे थांबावे असे मला मनापासून वाटते. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि प्राण गाणाऱ्याचा, ही वाटणी आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. आशा भोसले यांनी १९७१ मध्ये 'कारवाँ' चित्रपटासाठी राहुलदेव बर्मन यांच्या चालीवर 'पिया तू अब तो आजा' गायले. ते गाणे त्यांनी लिहिले नाही म्हणून त्यांचे नाही, असे कुणी म्हटले तर त्याला आपण वेड्यात काढू. साठच्या दशकापासून पाश्चात्त्य रॉक समीक्षेने मात्र स्वतः लिहिणारा तोच अस्सल, असा दंडक घालून घेतला होता आणि त्या दंडकाने कितीतरी उत्तम गायिकांवर अन्याय केला. कायली त्यांतली एक. योगायोग असा, की १९९८ च्या फेब्रुवारीत कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचे 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणे नॉर्मन कुकच्या नाचाच्या आवृत्तीमुळे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. आपल्या सांगलीत जन्मलेल्या पार्श्वगायिकेच्या गौरवाचे गाणे लंडनच्या नाचघरांत वाजले, आणि तिथल्या समीक्षकांनीही ते डोक्यावर घेतले.

कायलीचा आवाज बारीक आहे हे खरे. पण नाचाच्या गाण्यात भरदार आवाज ठोक्याशी भांडतो. तिचा आवाज झांजेच्या आणि बासच्या मधल्या पोकळीत अलगद बसतो, अक्षरे स्पष्ट कापलेली असतात, आणि ती ठोक्याच्या किंचित पुढे किंवा मागे सरकून हसरेपणा किंवा आळस आणते. हे कसब आहे आणि ते वर्षानुवर्षे वाढत गेलेले ऐकू येते.

१९९० चे 'बेटर द डेव्हिल यू नो' हा पहिला मोठा वळणबिंदू. संगीतकार तेच, स्टुडिओ तोच, पण गाण्यात प्रथमच प्रौढ बाईची इच्छा आणि हट्ट आहे. मधल्या काळात आयएनएक्सएस या रॉक बँडचा गायक मायकेल हचिन्सशी तिचे नाते जुळले होते, ती जगभर हिंडली होती, आणि आपण कसे दिसायचे हे ती स्वतः ठरवू लागली होती. त्या गाण्याचा बास शिकागोच्या हाउसकडे झुकलेला आहे. समलिंगी नाचघरांनी ते लगेच उचलले. १९९४ मध्ये सिडनीच्या मार्दी ग्रा या समलिंगी समाजाच्या उत्सवात ती गायली. एड्सने त्या समाजातली एक पिढी कापून नेली तेच हे दिवस. लोकप्रियतेच्या शिखरावरचे अनेक कलाकार तेव्हा अंतर राखून होते. ती तिथे उभी राहिली आणि तो समाज तिला आजवर विसरलेला नाही.

१९९२ मध्ये तिने हिट फॅक्टरी सोडली आणि नंतर ती डीकन्स्ट्रक्शन या नाचसंगीताच्या कंपनीकडे गेली. १९९४ चे 'कन्फाइड इन मी' संथ, तंतुवाद्यांनी भरलेले, पूर्वेकडच्या सुरावटींची छाया असलेले गाणे आहे. ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. पुढच्या वर्षी तिने ऑस्ट्रेलियाचाच निक केव्ह या गंभीर, काळोख्या शैलीच्या गायकाबरोबर 'व्हेअर द वाइल्ड रोझेस ग्रो' ही एका खुनाची कहाणी गायली. केव्हच्याच आग्रहावरून १९९६ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या काव्यवाचनाच्या कार्यक्रमात तिने 'आय शुड बी सो लकी'चे शब्द, संगीताशिवाय, कविता म्हणून वाचले. ज्या गाण्याची सर्वांत जास्त टर उडवली गेली तेच तिने हजारो लोकांसमोर नुसत्या आवाजात उभे केले. त्यानंतर जुन्या गाण्यांची लाज वाटण्याचे तिला काही कारण उरले नाही, असे पुढचा काळ पाहता वाटते.

पण दशकाच्या अखेरीस विक्री घसरली होती आणि कंपनीनेही साथ सोडली. तिशी ओलांडलेल्या नाचगायिकेला दुसरी संधी देण्याची या व्यवसायात पद्धत नव्हती. पार्लोफोन या दुसऱ्या कंपनीने तिला घेतले आणि २००० च्या जूनमध्ये 'स्पिनिंग अराउंड' आले. हे गाणे लिहिणाऱ्यांत अमेरिकन नर्तिका-गायिका पॉला अब्दुल होती. पुन्हा डिस्को, पुन्हा हसरा सूर, पुन्हा पहिला क्रमांक. व्हिडिओत तिने घातलेली सोनेरी तोकडी चड्डी ५० पेनीला जुन्या बाजारातून आणलेली होती. आज ती तिच्या इतर पोशाखांबरोबर मेलबर्नच्या आर्ट्स सेंटरच्या संग्रहात आहे आणि २००७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रदर्शनातही मांडली होती. २००० मध्येच १ ऑक्टोबरला सिडनी ऑलिम्पिकच्या समारोपात तिने आबा या बँडचे 'डान्सिंग क्वीन' आणि स्वतःचे 'ऑन अ नाइट लाइक धिस' गायले.

आणि मग २००१ च्या सप्टेंबरात 'कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड'. या एका गाण्यावर थोडे रेंगाळायला हवे, कारण एकविसाव्या शतकातल्या नाचगाण्यांत याच्या तोडीचे घडणीचे काम मला फारसे दिसत नाही.

ते लिहिले कॅथी डेनिस आणि रॉब डेव्हिस या दोघांनी. कॅथी नव्वदच्या दशकात स्वतः गायिका म्हणून नाव मिळवून मग गीतकार झाली होती. रॉब सत्तरच्या दशकातल्या मड या बँडचा गिटारवादक. सरे परगण्यातल्या रॉबच्या घरी, घरगुती स्टुडिओत, दोघे बसले. रॉबने संगणकावर मिनिटाला १२५ ठोक्यांचा साधा ताल लावला आणि हातात गिटार घेतली. कॅथीने त्यावर नावाची ओळ गुणगुणली. साधारण साडेतीन तासांत गाण्याचा सांगाडा तयार झाला. बहुतेक वाद्ये एका कॉर्ग ट्रायटन सिंथेसायझरवर वाजवली गेली. हे गाणे आधी एस क्लब ७ या गटासाठी देऊ केले होते आणि तिथून ते नाकारून परत आले. कायलीला ऐकवले तेव्हा पहिल्या काही सेकंदांतच तिने ते मागून घेतले. चाल निवडण्याचा कान हाही कलावंताचा गुण आहे, आणि तिच्या बाबतीत तोच मला सर्वांत मोठा वाटतो. तयार गाणे हातातून जाऊ देणारे तेव्हाही पुष्कळ होते.

गाण्याची रचना नेहमीची नाही. कडवे, मग चढण, मग ध्रुवपद हा शिरस्ता त्यात मोडलेला आहे. सुरुवातच 'ल' या अक्षराच्या निरर्थक आवर्तनाने होते, आपल्या तराण्यातल्या बोलांसारखी. त्याला अर्थ नाही म्हणूनच ते कुठल्याही भाषेच्या माणसाच्या तोंडी बसते. त्यामागोमाग नावाची ओळ येते. म्हणजे गाण्याचे दोन मुखडे, आणि दोन्ही पहिल्या काही सेकंदांतच समोर येतात. मूळ स्वरसमूह करुण, कोमल गंधाराचा आहे, आणि त्याखालचा ठोका निर्विकार, यंत्रासारखा, जर्मनीच्या क्राफ्टवेर्कची आठवण करून देणारा. वेड लागलेली व्यक्ती आणि तिला न जुमानणारे यंत्र, दोघे एकाच तालात चालतात. गाणे शेवटपर्यंत कुठेही पूर्ण समेवर येऊन विसावत नाही. ते विरत जाते. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोक्यात ते चालूच राहते, आणि गाण्याचा विषयही नेमका तोच आहे.

पहिल्या आठवड्यात ब्रिटनमध्ये त्याच्या ३ लाखांहून अधिक प्रती गेल्या. तिथे ते ४ आठवडे अव्वल राहिले, जगातल्या सुमारे ४० देशांत पहिल्या क्रमांकावर गेले आणि ५० लाखांहून अधिक खपले. अमेरिकेत 'द लोको-मोशन' १९८८ मध्ये तिसरे आले होते. त्यानंतर इतक्या वर्षांनी हे गाणे तिथे सातव्या क्रमांकापर्यंत चढले. डॉन शॅडफोर्थने दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओतला नाभीपर्यंत उघडा, डोक्यावर टोपडे असलेला पांढरा पोशाख फी डोरनने शिवला होता. २००२ च्या ब्रिट पुरस्कार सोहळ्यात कायलीने हेच शब्द न्यू ऑर्डर बँडच्या १९८३ च्या 'ब्लू मंडे' या गाण्याच्या वाद्यमेळावर गायले. मँचेस्टरच्या गंभीर रसिकांचे ते दैवतच. दोन्ही गाणी एकमेकांत अशी मिसळली, की 'खरे संगीत' आणि 'पोरांचे पॉप' असा भेद करणाऱ्यांकडे त्या रात्री बोलायला फारसे उरले नसावे.

हे गाणे ज्यात होते त्या 'फीव्हर' अल्बममधले 'लव्ह अ‍ॅट फर्स्ट साइट' आनंदाचे इतके शुद्ध गाणे आहे, की त्यावर काही लिहिण्यापेक्षा ते लावावे. 'कम इनटू माय वर्ल्ड'ला २००४ मध्ये सर्वोत्तम नृत्यध्वनिमुद्रणाचे ग्रॅमी मिळाले. त्याचा व्हिडिओ फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गोंद्रीने पॅरिसच्या एका चौकात केला. कायली चौकाला फेरी मारते. फेरी पूर्ण होते तेव्हा दुकानातून दुसरी कायली बाहेर येते, आजूबाजूचे पादचारी, भांडणारे, शिडीवरचा माणूस, सगळे दुप्पट होतात, मग तिप्पट, मग चौपट. यंत्राच्या साहाय्याने कॅमेरा दर वेळी तंतोतंत त्याच वाटेने फिरवला गेला. पुनरावृत्ती हाच नाचाच्या गाण्याचा प्राण. तो दाखवणारा याहून चांगला व्हिडिओ मी पाहिलेला नाही.

२००३ चे 'स्लो' याच्या उलट टोकाला जाते. आइसलँडची एमिलियाना टोरिनी आणि डॅन केरी यांच्याबरोबर कायलीने ते लिहिले. त्यातून जवळजवळ सगळी वाद्ये काढून टाकली आहेत. उरतो एक खरखरता बास, काही टिचक्या आणि कुजबुजणारा आवाज. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले हे तिचे सातवे गाणे.

२००५ च्या मे महिन्यात, जगदौऱ्याच्या मध्यावर, ३६ व्या वर्षी तिला स्तनांचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. दौरा थांबला. मेलबर्न आणि पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया व उपचार झाले. बातमी पसरल्यावर ऑस्ट्रेलियात स्तनतपासणीसाठी नावे नोंदवणाऱ्या स्त्रियांची संख्या दोन आठवडे ४० टक्क्यांनी वाढली, आणि पूर्वी कधीच तपासणी न केलेल्या ४० ते ६९ वर्षांच्या स्त्रियांत ती दुपटीहून अधिक झाली. तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात यावर अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. २००६ च्या नोव्हेंबरात सिडनीत ती पुन्हा रंगमंचावर आली.

भारताशी तिचा थेट संबंध आला तो २००९ मध्ये. अँथनी डिसूझा दिग्दर्शित 'ब्लू' या हिंदी चित्रपटासाठी ए. आर. रहमान यांनी 'चिगी विगी' हे गाणे केले. पूर्वार्ध कायलीच्या इंग्रजी आवाजाचा, उत्तरार्ध सोनू निगम यांच्या पंजाबी ढंगाचा. अक्षय कुमारबरोबर तिच्यावर ते मुंबईत चित्रित झाले आणि पडद्यावर ती स्वतःच्याच नावाने नाचली. चित्रपट फार चालला नाही. गाण्याचे दोन भाग मला एकमेकांत मिसळलेले वाटत नाहीत, शेजारी-शेजारी ठेवल्यासारखे वाटतात. तरी रहमान यांनी तिच्या भागाला दिलेला साज तिच्या आवाजाची मर्यादा आणि गोडवा दोन्ही ओळखून केलेला आहे. 

२०१० चे 'ऑल द लव्हर्स' तिच्या संयत गाण्यांत श्रेष्ठ आहे. त्यानंतरची काही वर्षे थोडी फिकी गेली. २०२० मध्ये टाळेबंदीत घरी अडकलेली असताना ती ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर शिकली आणि 'डिस्को' या अल्बममधला आपला बराचसा आवाज तिने स्वतःच घरात टिपला. श्रेयनामावलीत ध्वनितंत्रज्ञ म्हणून तिचे नाव आहे. एके काळी स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलेल्या मुलीची ही मजल आहे. तो अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आला आणि सलग पाच दशकांत पहिल्या क्रमांकाचा अल्बम देणारी ती पहिली गायिका ठरली.

२०२३ च्या मे महिन्यात आलेले 'पदम पदम' हे पुढचे मोठे शिखर. नॉर्वेची इना व्रोल्डसेन आणि ब्रिटनचा लॉस्टबॉय यांनी ते लिहिले. शीर्षकातला आवाज हृदयाच्या ठोक्याचा. एदित पियाफने १९५१ मध्ये याच नावाचे एक फ्रेंच गाणे गायले होते, पण दोन्हींच्या सुरावटींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरुणांसाठीच्या रेडिओ केंद्रांनी सुरुवातीला ते फारसे लावले नाही आणि वयावरून गाणे डावलले जाते की काय, यावर ब्रिटनमध्ये बरीच चर्चा झाली. ऐकणाऱ्यांनी मात्र वाट पाहिली नाही. मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून ते पसरले, आठव्या क्रमांकावर पोचले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोत्तम पॉप नृत्यध्वनिमुद्रणाचे ग्रॅमी, जे त्याच वर्षी प्रथमच दिले गेले, कायलीला मिळाले. तिच्या पहिल्या ग्रॅमीनंतर २० वर्षांनी.

ज्या वाचकांनी यांतले एकही गाणे लक्ष देऊन ऐकलेले नाही त्यांना एक विनंती. 'बेटर द डेव्हिल यू नो', 'कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड' आणि 'स्लो' ही तीन गाणी याच क्रमाने, चांगल्या हेडफोनवर, आवाज पुरेसा ठेवून ऐका. पहिल्यांदा फक्त बास ऐका, दुसऱ्यांदा फक्त झांज, आणि तिसऱ्यांदा तिचा आवाज त्या दोघांच्या मध्ये नेमका कुठे उभा राहतो ते पाहा. एका फेरीला तिन्ही गाणी मिळून अकरा-बारा मिनिटेच लागतात.